सूर्य बुडायच्या आत औंधहून परत

सायकलबद्दल माझ्याकडं इतकी मतं आहेत की कुणी नुसतं "सीट किती उंच ठेवू गं?" एवढं विचारलं तरी मी अर्धा तास सोडत नाही. पॅडल पार खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे, झालं, एवढंच उत्तर आहे. पण मी तिथनं सुरू होते आणि चढावर गिअर कवा पाडायचा (चढ लागायच्या आधी, लागल्यावर नाही, नाहीतर चेन कडाकडा ओरडते), कुत्रं मागं लागलं तर काय करायचं (उतरा आणि सायकल मधे धरा, लाथ मारायला जाऊ नका, तुम्हीच पडाल), उसाच्या ट्रॉलीमागं का चिकटायचं नाही (वारा लागत नाही हे खरं, पण वरनं ऊस पडतो हेही खरं) असं करत करत शेवटी खाण्यावर येते. आणि खाण्यावर आले की मला औंध आठवतं, आई आठवते, आणि मग ऐकणाऱ्याचं काही खरं नसतं. तर आज तेच सांगते. आठवणी लिहायला मी अजून लहान आहे असं सगळे म्हणतात. पण म्हातारी होईपर्यंत थांबले तर यातली निम्मी मजा विसरून जाईन, आणि मला थांबता येत नाही हे तर घरात सगळ्यांनाच माहीत आहे.

आमचं गाव सांगलीला लागून, तासगावच्या रस्त्याला. घर जैनांचं, धंदा शेतीचा, म्हणजे ऊस, हळद आणि थोडी द्राक्षं. घरात सकाळ व्हायची ती पाण्याच्या आवाजानं. आई पहाटे उठून घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधायची आणि पाणी गाळायची. ती बारीक धार, मग पातेल्यात ते पाणी उकळायला लागलं की येणारा गुडगुड आवाज, मग लांबनं बस्तीतली घंटा. बस्ती म्हणजे आमचं देऊळ. मला गजर लावायची गरज कधी पडलीच नाही. आणि संध्याकाळ संपायची ती सूर्याबरोबर. दिवस मावळल्यावर आमच्याकडं कुणी जेवत नाही. उन्हाचा शेवटचा पट्टा चुलीमागच्या भिंतीवर चढला की आई हाक मारायची, "चला रं, ऊन खिडकीतनं बाहेर निघालं!" मग आण्णा, म्हणजे माझे वडील, शेतातनं, दादा दुकानातनं, मी जिथनं असेन तिथनं पळत. मुगाची आमटी, भाकरी, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, दही. उन्हात जेवायचं आणि अंधारात भांडी घासायची. मैत्रिणींच्या घरी रात्री साडेनवाला जेवतात हे पहिल्यांदा बघितलं तवा मला वाटलं, कुणीतरी पाहुणं उशिरा आलं असणार.

सायकल आली ती कॉलेजात असताना. मिरजेच्या एका डॉक्टरांनी नवीन घेतली म्हणून जुनी आण्णांच्या ओळखीनं आमच्याकडं आली. बारीक टायरची, बाकदार हँडलची, आणि इतकी हलकी की आण्णांनी एका बोटावर उचलली आणि म्हणाले, "ही काय सायकल हाय व्हय? हिच्यावर पेंडीचं पोतं कसं ठेवायचं?" आईला सायकलचं काही वाटलं नाही, पण सायकलच्या चड्डीचं लय वाटलं. ती पॅडवाली असते ना, बुडाखाली जाड गादी शिवलेली. मी ती धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकली आणि शेजारच्या काकू येऊन बोटानं दाबून बघून गेल्या. त्या दिवसापासून ती चड्डी गच्चीवर, चादरीच्या आड वाळायला लागली. (माझं मत विचाराल तर महागडं हेल्मेट, महागडी चाकं सगळं नंतर घ्या, आधी चांगली चड्डी घ्या. लाज दोन दिवस वाटते, बूड आयुष्यभर दुखतं.)

दर रविवारी आम्ही सहा-सात जण निघायचो. त्यात दोघांना ओळखलंत तरी पुरे. एक सुभेदार काका. फौजेतनं रिटायर होऊन आलेले, शेजारच्या गावचे, मिशी सरळ आणि पाठ तिच्याहून सरळ. ते दोन वाक्यं मराठीत बोलायचे आणि तिसरं हिंदीत. दुसरा विकी, मिरजेत औषधाच्या दुकानात कामाला. आमच्यात सगळ्यात भारी सायकल त्याची आणि सगळ्यात जास्त थांबायचाही तोच, कारण रस्त्यात वडा तळल्याचा वास आला की त्याचा ब्रेक आपोआप लागायचा.

मी सायकलवर दोन बाटल्या ठेवायचे. एक रस्त्याची आणि एक आईची. रस्त्याची कुठंही भरायची. आईची निळी होती, ती फक्त घरी भरायची, गाळून उकळून गार केलेल्या पाण्यानं, आणि भरणार आईच. तिचं म्हणणं एवढंच, "बाहेरचं पी बाई, मी काय बघायला येत न्हाई. पर एक बाटली घरची असू दे. अडलंनडलं तर." अडायचं कधीच नाही, त्यामुळं ती बाटली भरलेली जायची आणि भरलेलीच परत यायची, आणि विकी दर रविवारी विचारायचा, "काय अक्का, तीर्थ घेऊन चाललीस व्हय?"

तर औंध. थंडी सरत आली होती, साखर कारखाने अजून चालू होते, तासगावच्या बाजूला द्राक्षं उतरून बेदाण्याच्या शेडवर चढत होती. सुभेदार काकांनी ठरवलं, या रविवारी तासगाव, विटा करत औंध, यमाईचं दर्शन, आणि त्याच दिवशी परत. आमच्यापैकी कुणीच एका दिवसात एवढं लांब गेलेलं नव्हतं. मी घरी सांगितलं तवा आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "रविवारी चतुर्दशी हाय. माझं एकाशन हाय."

एकाशन म्हणजे दिवसातनं एकदाच, एका बैठकीत जेवायचं. बसलं की जेवायचं, पाणीही तिथंच प्यायचं आणि उठलं की संपलं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आई हे कायम करायची, दुपारी बारा-साडेबाराला बसायची, त्यात नवीन काही नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "मग? मी कुठं आडवी येतीय?"

"मी दुपारी बसणार न्हाई. तू आल्यावर बसीन."

"आगं पण मला संध्याकाळ होईल!"

"हू दे की."

"आणि दिवस बुडला तर?"

"तर न्हाई जेवायचं," आई म्हणाली, इतक्या शांतपणे की जणू भाजीवाला आला नाही तर भाजी नाही. "एक दिवस न्हाई जेवलं तर मरत न्हाई माणूस. पर तू वेळंत माघारी फिरशील."

आण्णा पेपरामागनं म्हणाले, "सुभेदारापेक्षा तुझी आई भारी हाय बघ. बंदूक न्हाई, काय न्हाई, आन् पोरगी बरोब्बर लाईनीत." मी चिडले, रुसले, रात्रीपर्यंत बोलले नाही. आता विचार करते तर वाटतं, आईला माझी भीती वाटत होती आणि नको म्हणायचं नव्हतं. नको म्हटलं असतं तर मी भांडून गेले असते. तिनं अशी गाठ मारली की भांडायला जागाच ठेवली नाही.

रविवारी पहाटे अंधारातच निघालो. आईनं निळी बाटली भरून दिली, गूळ-शेंगदाण्याचे लाडू पाठीवरच्या खिशात कोंबले आणि म्हणाली, "हुग्गी करून ठेवती." हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, गुळातली, वर तूप. हा तर सरळसरळ अन्याय होता.

जातानाचा रस्ता म्हणजे नुसती चैन. तासगावपर्यंत द्राक्षाच्या बागांतनं गार हवा, हात काकडलेले, आणि पुढं विट्याच्या बाजूला सूर्य वर आला तवा सगळ्यांच्या सावल्या रस्त्याबाहेर शेतात पळत होत्या. लाडू विट्यातच संपले. मी एक खाल्ला, बाकीचे गँगनं. विकीनं तर माझ्या खिशात हात घालून काढले, चालत्या सायकलवर. मी म्हटलं घ्या, मला काय कमी आहे! (इथंच पहिली चूक. आपलं खाणं आपल्याच खिशात ठेवायचं. मैत्री खरी, पण लाडू त्याहून खरे.) औंधच्या डोंगराखाली सायकली लावल्या, वर गेलो, यमाईला नमस्कार केला, आणि खाली येऊन सगळे जे हॉटेलात घुसले ते बकासुरासारखे. वडे, कांदाभजी, मिसळ.

आणि इथं मी ती चूक केली जी फक्त आमच्यासारख्याच घरातली पोरगी करू शकते. एरवी मी बाहेर बटाटेवडा खाते. घरात कंदमुळं बंद, बाहेर आपली मुभा, आईलाही माहीत आहे, ती विचारत नाही आणि मी सांगत नाही. पण त्या दिवशी वडा हातात घेतला आणि वाटलं, आई तिकडं माझ्यासाठी कोरडी बसलीय आणि मी हिकडं वडा हाणू? तोंडाजवळ नेववेना. मी तो विकीच्या ताटलीत ठेवला आणि जाहीर केलं, "मी आज काही खाणार नाही. आईबरोबरच जेवणार."

"आगं वेडे," विकी तोंडात वडा ठेवूनच म्हणाला, "आई घरात बसलीय. तू विट्याचा चढ चढणार हाईस!"

"मला भूक नाही."

सुभेदार काकांनी माझ्याकडं बघितलं आणि चहा संपवला. मला तर वाटत होतं मी लय मोठं काहीतरी करतीय. छाती फुगवून निघाले, एक-दोन चढ मीच पुढं.

सायकलवाल्यांना ठाऊक असतं, भूक लागलेली कळत नाही, संपलेली कळते. विटा मागं पडलं आणि वारा तोंडावर आला. पाय आपले वाटेनात. समोरच्याचं चाक दूर दूर जायला लागलं. मला कशाचाही राग यायला लागला, रस्त्याचा, वाऱ्याचा, एका म्हशीचा. मग घाम थंड झाला आणि तासगावच्या अलीकडं एका बेदाण्याच्या शेडजवळ मी सायकलवरनं उतरले म्हणण्यापेक्षा सायकल माझ्याखालनं निघून गेली.

शेड म्हणजे हिरव्या जाळीची लांबलचक मांडणी, थरावर थर द्राक्षं पसरलेली. तिथं काम करणारी एक मावशी धावत आली. पिवळी साडी, वरनं पुरुषी शर्ट, हाताला साखरेचा चिकटा. तिनं मला बसवलं, तोंडाकडं बघितलं आणि मागनं आलेल्या सगळ्यांना सुनावलं, "आवं, हितं आमी द्राक्षं वाळवतो! पोरी न्हाई!"

आणि तिनं मूठभर बेदाणे माझ्या हातावर ओतले. मी म्हटलं, "नको मावशी, मी आईबरोबर..."

सुभेदार काका समोर उकिडवे बसले. "ऐक पोरी. एकाशन ही तुझ्या आईची ड्यूटी. सायकल तुझी ड्यूटी. दोन पोस्टवर एक जवान नहीं लगता. तू हितं पडलीस तर ती तिकडं उपाशी. समझी? खा."

एवढं साधं गणित होतं आणि माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं! मी आईसाठी उपाशी राहून आईलाच उपाशी ठेवायला निघाले होते. मी बेदाणे खाल्ले. मूठ संपली, दुसरी मावशीनं दिली, तिसरी माझ्या खिशात भरली. विकीनं त्याच्या बाटलीतलं पाणी पाजलं. आईची बाटली मी काढायला गेले तर तोच म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं, तीर्थ शेवटाला." डोळ्यापुढचे काजवे गेले, पाय परत माझे झाले. (आता साताऱ्यात माझ्याकडं सायकल शिकायला येणाऱ्या सगळ्यांना मी हेच सांगते, जेल म्हणून मिळणारं ते परदेशी गोड चिकाचं पाकीट घेऊ नका, तासगावचे बेदाणे घ्या. भूक लागायच्या आधी खा. आणि उपास धरायचाच असेल तर सायकल घरी ठेवा.)

पण सूर्य काही थांबला नव्हता. आमच्या सावल्या आता दुसऱ्या बाजूच्या शेतात लांब पडल्या होत्या. मी घरी फोन लावला. आण्णांनी उचलला.

"आण्णा, आईला म्हणावं जेवून घे. मला उशीर होतोय. माझी शपथ घाला."

मागनं आईचा आवाज, "शपथ घालायची न्हाई म्हणावं. कुठं हाय इचारा."

"तासगावच्या पलीकडं. आत्ता निघतोय." मग आण्णा काहीतरी बोलले आणि रेंज गेली.

त्यानंतर मी जशी सायकल मारली तशी परत कधी मारली नाही. सुभेदार काका पुढं, त्यांच्या चाकाला चाक लावून मी, बाजूनं विकी, बाकीचे मागं. काका दर थोड्या वेळानं मागं न बघता ओरडायचे, "खाल्लं का?" आणि मी खिशातनं दोन बेदाणे तोंडात टाकून "खाल्लं!" म्हणायचे. तासगाव गेलं. उसाच्या ट्रॉल्या, बाजाराची गर्दी, गतिरोधक, सगळं गेलं. उजव्या हाताला सूर्य लाल व्हायला लागला, बघता यायला लागला, आणि सूर्याकडं बघता येतं तवा तो फार वेळ राहत नाही हे आमच्या घरात लहान पोरालाही कळतं. मी हिशेब केला. घर अजून लांब होतं. नाही जमणार. मला रडू यायला लागलं आणि रडताना पॅडल मारता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं एक ओढ्याचा पूल आहे, बुटक्या कठड्याचा. त्याच्या अलीकडं समोरनं एक मोपेड येताना दिसली, इतक्या जोरात की काका ओरडले, "साइड, साइड!" मोपेडवर आण्णा. आणि मागं, एका हातात डबा छातीशी धरून, दुसऱ्या हातानं आण्णांचा शर्ट पकडून, आई. आई, जी आण्णांना गाडी सायकलच्या वेगानं चालवायला लावायची! आण्णांनी ब्रेक मारला आणि पहिलं वाक्य म्हणाले, "तासगावच्या रस्त्याला आयुष्यात पहिल्यांदा 'जरा पळवा की' म्हणाली ही."

आई उतरली. माझ्याकडं बघितलं, तोंडाकडं, गुडघ्याकडं, परत तोंडाकडं. मग सूर्याकडं बघितलं. "बोलायला येळ न्हाई. बस," म्हणाली. पिशवीतनं धुतलेलं फडकं काढून कठड्यावर अंथरलं, चप्पल काढली, मांडी घालून बसली आणि हात जोडून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. मी शेजारी बसले, हेल्मेट डोक्यावरच. डबा उघडला, हुग्गी अजून कोमट होती. पहिला घास तिनं घेतला आणि दुसरा माझ्या तोंडात घातला. शेजारनं ट्रॉल्या धडधडत चालल्या होत्या, ड्रायव्हर वाकून बघत होते. बाकीचे पुलाच्या टोकाला पाठ करून उभे होते. विकीसुद्धा! त्याला खिरीचा वास येत असणार.

निम्मी हुग्गी झाली आणि आईचा हात थांबला. तिनं पिशवीत हात घातला, परत घातला, आण्णांकडं बघितलं.

"पाणी?" आण्णा म्हणाले, आणि त्यांचं तोंड उतरलं. तांब्या घरी, ओट्यावर. घाईत राहिला. मोपेडच्या मागं हॉटेल होतं, पुढं टपरी होती, पण ते पाणी आई पिणार नव्हती, आणि उठता तर येतच नव्हतं. दिवसभराची तहान, वर गूळ, आणि उठलं की उद्यापर्यंत काही नाही. आईनं नुसती कोरडी जीभ टाळ्याला लावली.

मी धावत जाऊन सायकलची निळी बाटली काढून आणली. भरलेली. दिवसभर ऊन खाल्लेली, औंधला जाऊन आलेली, पण झाकण न उघडलेली.

आईनं ती उलटी-सुलटी करून बघितली. तिनंच दर रविवारी भरलेली, पण त्यातनं कधी प्यायलेली नाही. वरनं धरून दाबली तर सगळी चुळकन नाकात. ती दचकली, आण्णा हसले, ती पण हसली, नाकातनं पाणी गळतंय आणि हसतीय. मग मी बाटली धरली, हळू दाबली, आणि ती मान वर करून घटाघटा प्यायली. मधेच थांबून, अगदी संशयानं विचारलं,

"गाळलेलं हाय न्हवं?"

"आई, तूच गाळलंयस. पहाटे."

"व्हय की," ती म्हणाली, आणि उरलेलं सगळं संपवलं. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. तिनं पदरानं तोंड पुसलं, हात जोडले, आणि मग उठली. उठल्यावर पहिली थाप माझ्या पाठीत घातली, जोरात. ती मला अजून आठवते. गोड लागली हुग्गीसारखी.

आता मी साताऱ्यात असते, सकाळी यवतेश्वरचा घाट चढते, माझं माझं पाणी गाळते, माझं माझं पीठ मळते. दोन बाटल्या अजून असतात, एक रस्त्याची, एक निळी. विकी भेटला की अजून तीर्थ म्हणतो, पण आता म्हणताना बाटलीला हात लावून नमस्कार करतो, चेष्टा का खरं, त्यालाच माहीत. परवा चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. मी आधीच सांगून टाकलं, आई, उद्या मी लांब जातीय, कराडच्याही पुढं, तू दुपारीच बसून घे, माझी वाट बघू नको.

पलीकडं मागं आण्णांच्या मोपेडचा आवाज, कुणीतरी चालू करून बघत होतं.

"ते ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "कुठल्या पुलावर येऊ, तेवढं सांग. आन् बाटली भरून आण."